फ्युएल सेलच्या गाडीचा किट: सोलापूरच्या उन्हात चार महिने वापरल्यावर

माझं अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे ऑटो इलेक्ट्रिकचं गॅरेज आहे. सेल्फ, अल्टरनेटर, बॅटरी, वायरिंग. बावीस वर्षं हेच काम. मुलगी श्रावणी मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या ग्रुपनं प्रोजेक्टला 'फ्युएल सेलच्या गाडीची एफिशियन्सी' (फ्युएल सेल म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज करणारा सेल; एफिशियन्सी म्हणजे ऊर्जेतला किती हिस्सा कामाला येतो) हा विषय घेतला आणि गड्ड्याची जत्रा चालू होती त्या आठवड्यात हा किट ऑनलाइन मागवला. नऊ हजार आठशे रुपये. चार पोरींनी वर्गणी काढली, उरलेले मी घातले. आमच्यासारख्याला ही रक्कम लहान नाही, म्हणून घेण्याआधी मराठीत कुणी काही लिहिलंय का ते बराच वेळ शोधलं होतं. सापडलं नाही. म्हणून आता मीच लिहायला बसलोय. विकणाऱ्याचं नाव देत नाही. जे सांगायचंय ते अशा कुठल्याही किटला लागू पडेल.

खोक्यात येतं काय ते आधी सांगतो. तळहातावर मावेल एवढा एक सेल, दोन्ही बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या प्लेटा आणि कडेनं आठ स्क्रू. मिलिलिटरच्या खुणा असलेल्या दोन उलट्या नळकांड्या, एकीत हायड्रोजन साठतो, दुसरीत ऑक्सिजन. सलाईनला असतात तशा बारीक नळ्या, एक सिरिंज, छोटं सोलर पॅनेल, आणि मोटर लावलेली वीतभर लांबीची गाडी. सेल एकच आहे पण दोन्हीकडून चालतो: वीज दिली की पाणी फोडून वायू करतो, वायू दिले की पाणी करून वीज देतो. मध्ये एक पातळ पडदा आहे, मेम्ब्रेन म्हणतात त्याला. दोन्ही अंगांना काळा थर, त्यात प्लॅटिनम असतं. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन वायरीतून फिरून जातो आणि मोटर फिरवतो, उरलेला प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जाऊन ऑक्सिजनला मिळतो. एवढाच खेळ आहे. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, यांच्या लोकांनी ऑक्टोबर २०२० मध्ये इथंच बनवलेल्या फ्युएल सेलवर गाडी चालवून दाखवली, नितीन गडकरी ३० मार्च २०२२ ला हायड्रोजनच्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले, त्या गाड्यांच्या आतही हेच चालतं. फक्त तिथं असे शेकडो सेल एकाला एक चिकटवून स्टॅक केलेला असतो. २०१४ च्या मिराईत ३७० होते, २०२० च्या नव्या मॉडेलमध्ये ३३०.

आता मुद्द्याचं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलंय: एफिशियन्सी ८३ टक्के.

हा आकडा आला कुठून, हे शोधायला श्रावणीला दोन दिवस लागले, आणि माझ्या मते तिच्या प्रोजेक्टची खरी सुरुवात तिथं झाली. एक मोल (साधारण दोन ग्रॅम) हायड्रोजन जळून पाणी झालं तर २८६ किलोज्यूल ऊर्जा निघते. त्यातले वीज म्हणून जास्तीत जास्त २३७ काढता येतात, उरलेली उष्णता होणारच. २३७ भागिले २८६, झाले ८३ टक्के. म्हणजे निसर्गानं घालून दिलेली वरची मर्यादा यांनी आपल्या मालाची एफिशियन्सी म्हणून छापली. मला हे अजिबात आवडलेलं नाही. बॅटरी विकणाऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याचा माल ठेवला नसता.

यातली दुसरी मेख पण लक्षात ठेवा. तयार होणारं पाणी वाफ धरलं तर २८६ ऐवजी २४२ नं भागतात. मग तीच मर्यादा ९८ टक्के होते. गाडीवाले बहुतेक वाफेचा हिशोब देतात. मी खाली जे आकडे देतोय ते वाफेच्याच हिशोबाचे आहेत. कुणी एफिशियन्सी सांगितली की आधी विचारा, कुठल्या हिशोबानं.

श्रावणीनं मला जी गोष्ट शिकवली ती अशी, की फ्युएल सेलची एफिशियन्सी थेट मल्टीमीटरवर दिसते. वाफेच्या हिशोबानं पूर्ण ऊर्जा म्हणजे १.२५ व्होल्ट. सेलवर जे व्होल्टेज दिसतं त्याला १.२५ नं भागायचं, झालं. माझ्या हातात बावीस वर्षं मल्टीमीटर आहे, पण व्होल्ट वाचताना आपण एफिशियन्सी वाचतोय असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

फेब्रुवारीत सकाळी गॅरेज उघडायच्या आधी आम्ही टेबलावर मांडामांड केली. एक मीटर व्होल्टला, एक सिरीजमध्ये अँपिअरला, लोड म्हणून ऱ्हिओस्टॅट, म्हणजे कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स. काहीच न लावता ०.९४ व्होल्ट. पुस्तकात १.२३ असतात, पण ऑक्सिजनच्या बाजूची रासायनिक क्रिया आळशी आहे, तिला ढकलायलाच पहिले काही दशांश व्होल्ट जातात. २०० मिलिअँपिअर लोडला ०.७६ व्होल्ट, म्हणजे ६१ टक्के. लोड वाढवत ८०० वर नेला तर ऱ्हिओस्टॅटच्या टोकाला ०.४७. म्हणजे ३८ टक्के.

इंजिनवाल्या माणसाला हे उलटं वाटतं. पेट्रोल इंजिन हळू, कमी लोडवर चालवलं तर वाया जास्त घालवतं; इथं कमी लोडला एफिशियन्सी जास्त आणि दाबून चालवलं की घसरते. म्हणून या गाड्यांत सोबत एक बॅटरी असते. चढ आला, ओव्हरटेक केलं, की वरचा जोर बॅटरी देते आणि सेलला त्याच्या आरामाच्या पट्ट्यात राहू देते. ब्रेक मारला की वीज परत बॅटरीत. एफिशियन्सी वाढवण्याचा हा सगळ्यात सोपा उपाय, आणि सेलच्या आत हातही लावायचा नाही.

पण ०.४७ हा आकडा मला पटेना. हे माझं रोजचं काम आहे: सेल्फ मारताना गाडी उचलत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी केबलचा ड्रॉप, म्हणजे केबल किती व्होल्ट खाते ते, बघायचा. मी मीटरच्या पिना थेट सेलच्या टर्मिनलवर ठेवल्या. ०.५५! ०.०८ व्होल्ट किटबरोबर आलेल्या केसासारख्या वायरी आणि ढिल्या क्रोकोडाइल क्लिपा खात होत्या. बारा व्होल्टच्या सिस्टिममध्ये ०.०८ कुणी विचारत नाही. इथं तो सातवा हिस्सा आहे. मी जाड मल्टिस्ट्रँड वायर घेऊन थिंबल दाबले, सोल्डर केलं, टर्मिनल बारीक पॉलिश पेपरनं घासलं. त्याच लोडला ऱ्हिओस्टॅटच्या टोकाला ०.५४ मिळाले. ३८ चे ४३ टक्के, चाळीस रुपयांत. कुणी हा किट घेतला तर पहिल्या दिवशी हे करा. खऱ्या स्टॅकमध्ये ३३० सेल म्हणजे तेवढेच सांधे एकामागे एक, म्हणून तिथं प्लेटा सगळीकडून सारख्या दाबानं आवळतात. मिराईत त्या टायटॅनियमच्या आहेत, वर कार्बनचा थर, म्हणजे गंज चढून सांध्याचा रेझिस्टन्स वाढू नये.

यानंतर पोरींनी तीच चाचणी वेळ लावून केली. २० मिली हायड्रोजनमधून २०० मिलिअँपिअर साधारण साडेबारा मिनिटं निघायला हवेत. निघाले साडेदहा मिनिटं. म्हणजे सहावा हिस्सा वायू वीज न देताच गेला, थोडा सांध्यातून, थोडा पडद्यातून आरपार. व्होल्टेजनं ६१ टक्के दिसले तरी हातात ५१ च आले. त्या दिवशी श्रावणीच्या वहीत एक ओळ पडली: व्होल्टेज गुणिले किती वायू खरोखर वापरला गेला. गाडीसाठी तिसरी गोष्टही गुणावी लागते, ती आम्हाला मार्चमध्ये कळली, फिश टँकच्या पंपानं.

झालं असं, की ऑक्सिजनची नळी काढून सेल नुसत्या हवेवर चालवला. खऱ्या गाडीत ऑक्सिजनचं सिलिंडर नसतं, हवाच असते, आणि हवेत ऑक्सिजन २१ टक्के. व्होल्टेज लगेच उतरलं. मोठ्या लोडला तर गाडी कण्हत कण्हत थांबली. शेजारच्या दुकानातून मासे ठेवायच्या टाकीचा पंप आणला आणि त्याची नळी सेलच्या तोंडाला लावली. गाडी पळायला लागली. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी पंप उलटा करून लेबल वाचलं: ३ वॉट.

"पप्पा, आपला सेल किती देतोय?"

०.४ वॉट.

सगळ्या गप्प झाल्या. चार आण्यांची वीज काढायला दोन रुपयांची वीज घालत होतो आम्ही. हीच ती तिसरी गोष्ट: पंपाची वीज भागवून हातात किती हिस्सा उरतो.

मोठ्या गाडीत हीच लढाई आहे. सेल स्वतः कितीही चांगला करा, त्याला हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर त्याच्याच विजेवर चालतो. जोडीला पाण्याचा पंप, रेडिएटरचा पंखा, हायड्रोजन फिरवणारा पंप; पण सगळ्यात जास्त खाणारा कॉम्प्रेसर. फुल लोडला स्टॅकच्या विजेतला दहावा हिस्सा, कधी त्याहून जास्त त्यालाच जातो. त्यात तो बिनतेलाचा पाहिजे, कारण तेलाची वाफ पडद्यापर्यंत गेली तर प्लॅटिनम बाद. म्हणून त्यात हवेवर तरंगणाऱ्या बेअरिंगा वापरतात. सुधारणेची खरी जागा इथं आहे: लोडप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग बदलायचा, गरजेपेक्षा जास्त हवा द्यायची नाही, आणि बाहेर पडणाऱ्या दाबाच्या हवेवर टर्बाइन फिरवून थोडं परत घ्यायचं. श्रावणीच्या ग्रुपनं पंपाला रेग्युलेटर लावून हेच करून बघितलं. पंप पूर्ण सोडला काय आणि अर्ध्यावर ठेवला काय, सेलच्या व्होल्टेजमध्ये फरक जवळपास शून्य. अर्धी हवा उगाच होती.

हवेवर चालवताना आणखी एक दिसेल, त्याला किट बिघडला असं समजू नका. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी हळू पडते. हवेतला नायट्रोजन पडद्यातून झिरपून हायड्रोजनच्या बाजूला साठतो आणि हायड्रोजनची वाट अडवतो. त्या बाजूच्या नळीची क्लिप एक सेकंद उघडायची, परत लावायची. गाडी ताजी होते. प्रत्येक वेळी थोडा हायड्रोजन मात्र वाया जातो. गाड्यांमध्ये न वापरलेला हायड्रोजन परत सेलच्या तोंडाशी फिरवतात, काही ठिकाणी पंपानं, काही ठिकाणी इजेक्टरनं. इजेक्टर म्हणजे काय हे मला समजावताना पोरगी स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि गॅसच्या शेगडीचं जेट दाखवलं: बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि बाजूची हवा आपोआप ओढून घेतो. तसाच टाकीतून दाबानं येणारा ताजा हायड्रोजन वापरून उरलेल्याला ओढून आणतो. फिरता भाग नाही, वीज नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती. एप्रिलमध्ये पोरींच्या परीक्षा होत्या, किट दोन आठवडे गॅरेजच्या फळीवर पडून राहिला. पत्र्याचं छप्पर, बाहेर त्रेचाळीस. परीक्षा संपल्यावर लावला तर २०० मिलिअँपिअरला ०.७६ च्या जागी ०.५८. सेल गेला असंच आम्ही धरून चाललो. श्रावणीचा चेहरा उतरला. व्हायव्हा दहा दिवसांवर होती. विकणाऱ्याला फोन केला तर त्यानं नवीन सेल घ्या म्हणून सांगितलं, चार हजार दोनशे. दुसरं काही विचारलंही नाही. पुस्तिकेत यावर एक ओळ नाही.

संध्याकाळी माझ्या वडिलांनी तो सेल हातात घेतला. ते कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, ऐंशीच्या पुढे आहेत, कमी बोलतात. पोरीनं त्यांना सांगितलं की आजोबा, आत पडदा आहे, त्यातून प्रोटॉन जातो, पण पडदा ओला असला तरच जातो. ते म्हणाले, "मग वाळलाय की तो. सूत वाळल्यावर तुटतंय तसं." मिलमध्ये उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की ताण्याचे धागे पटापट तुटायचे, मग ह्युमिडिफिकेशनवाल्याला हाका जायच्या. भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असायचे, एकाला ओली वात बांधलेली, त्या दोघांतला फरक बघून पाण्याचा फवारा कमीजास्त करायचे. फवारा जास्त झाला तर धागा जड होऊन चिकटायचा. वडिलांनी हे सगळं बोटांनी धागा चोळल्यासारखं करून दाखवलं.

सिरिंजनं सेलच्या दोन्ही बाजूंना डिस्टिल्ड वॉटर सोडलं, नळ्यांची तोंडं बंद केली आणि रात्रभर घरात ठेवला. सकाळी ०.७४.

फ्युएल सेलच्या एफिशियन्सीचं मर्म इथं आहे असं माझं मत झालंय. पडदा कोरडा तर त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि व्होल्टेज आतच जिरतं. पाणी जास्त झालं तर काळ्या थराची भोकं तुंबतात आणि हवा पोचत नाही. दोन्हीच्या मधल्या अरुंद पट्ट्यात त्याला धरून ठेवायचं. जुन्या डिझाइनमध्ये येणारी हवा ओली करायला वेगळा ह्युमिडिफायर असायचा, त्याचं वजन आणि जागा जायची. टोयोटानं २०१४ च्या मिराईत तो काढून टाकला. सेलमध्ये तयार होणारं पाणीच आतल्या आत फिरवून पडदा ओला ठेवला. पडदा पातळ केला की पाणी या बाजूचं त्या बाजूला सहज जातं आणि रेझिस्टन्सही कमी होतो, म्हणून सगळे पातळ पडद्याच्या मागे आहेत. पातळ केला की वायू आरपार झिरपण्याची भीती, तिथं परत आमची साडेदहा मिनिटं आठवतात.

उन्हाचा दुसरा फटका रेडिएटरला आहे, आणि हे गाडीवाल्यांनी समजून घ्यावं. पेट्रोल इंजिनची बरीच उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते. फ्युएल सेलच्या एक्झॉस्टमधून फारशी जात नाही, जवळजवळ सगळी कूलंटमधूनच काढावी लागते. त्यात या पडद्याचा सेल चालतो ८० अंशांच्या आसपास. इंजिनचं कूलंट शंभरीला असतं. बाहेर ४४ असताना इंजिनला छप्पन अंशांचा फरक मिळतो, सेलला छत्तीसचाच. म्हणून रेडिएटर मोठा लागतो, पंखा जास्त फिरतो, आणि तो पंखा परत सेलचीच वीज खातो. जास्त तापमानाला टिकणारे पडदे शोधायची सगळीकडे खटपट चाललीय ती यासाठीच. या गाड्या खरंच आपल्या हवेत चालवायच्या असतील तर चाचणी मे महिन्यात सोलापुरात होटगी रोडला दुपारी दोन वाजता घेतली पाहिजे. मी हे मनापासून म्हणतोय.

किटच्या तक्रारी आता पटकन. पाण्याबद्दल पुस्तिकेत 'शुद्ध पाणी' एवढंच लिहिलंय. एका मुलीनं घरच्या आरओचं पाणी घातलं होतं. त्यात क्षार उरतातच, आणि ते पडद्यात जाऊन बसले की निघत नाहीत. वेळेवर बघितलं म्हणून वाचलो. डिस्टिल्ड वॉटरच घाला. नळ्या आखूड आहेत, आणि सेलच्या प्लॅस्टिक तोटीला दुसऱ्याच आठवड्यात बारीक चीर गेली, ती मी चिकटवली. सोलर पॅनेल ठीक, आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. हायड्रोजन मिलिलिटरमध्ये आहे, तरी वायू करताना जवळ शेगडी, उदबत्ती काही नको आणि खिडकी उघडी पाहिजे. आम्ही एकदाही चुकवलं नाही.

सोलर न वापरता घरच्या विजेवर हायड्रोजन केला आणि परत वीज काढली तर घातलेल्यातला तिसरा हिस्सा परत आला. मोठ्या प्रमाणावरही हे गणित साधारण असंच येतं, बॅटरीच्या गाडीत यापेक्षा बरंच जास्त चाकापर्यंत पोचतं. श्रावणीनं हा आकडा रिपोर्टमधून लपवला नाही, पहिल्याच पानावर घातला, आणि मला त्याचा अभिमान आहे. लांब पल्ल्याच्या ट्रकला, बसला, जिथं बॅटरीचं वजन आणि चार्जिंगचा वेळ परवडत नाही, तिथं हायड्रोजनला जागा आहे असं मला वाटतं. शहरात फिरायच्या गाडीला मी बॅटरीच सांगेन.

घ्यावा का? घरात दोन मल्टीमीटर, थोडा संयम आणि शिकणारं पोरगं असेल तर घ्या. नुसतं खेळणं म्हणून घेणार असाल तर पैसे जातील, आठवडाभरात फळीवर जाऊन वाळेल. मालाला पाचपैकी चार, पुस्तिकेला एक, आणि खोक्यावरच्या त्या ८३ ला काही नाही.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, सेल वाळलाय हे कळलं कसं. श्रावणीनं आजोबांचं नाव सांगितलं. सेल आता आमच्या घरी फ्रिजवर झाकणाच्या डब्यात असतो, तोट्या बंद करून. दर रविवारी वडील सिरिंजनं त्यात पाणी घालतात.